स्वच्छ प्रत

तपासणीची डिस्क घेऊन माद्रिदहून आले
तेव्हा आजोबा फुटबॉल बघत होते,
आणि मैदानाचं गवत इतकं हिरवं होतं
की ताबेर्नासच्या एकाही बकरीनं त्यावर विश्वास ठेवला नसता.
आधी रिमोट घेतला. भडकपणा उतरवला,
कडांची धार काढली,
ती तुळतुळीत, खोटी गती बंद केली.
"अंधार केलास," सेफेरिनो म्हणाले.

सिनेमा त्यांच्या तारुण्यातला.
बासष्टचा ऑगस्ट, तीन आठवडे,
रोजचे दीडशे पेसेता, उंटाचा चारा वेगळा.
नायक परदेशी, वाळवंट उसनं,
आणि वाळवंटामागे आमचंच गाव,
कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून मातीनं लिंपलेलं.

माझं काम म्हणजे दाणा बघणं.
फिल्मवर दाणा असतो, बारीक, सतत हलणारा,
तो जास्त धुतला की माणसं मेणाची होतात.
दुकानात लोक म्हणतात, काय स्वच्छ आहे!
मी वहीत लिहिते: दाणे पाखडले, कोंडा ठेवला.
या प्रतीत तसं काही नव्हतं.
काळोख खोल, तरी त्यात खोगिराची शिवण दिसते.
आकाशात पट्टे नाहीत. रीळ बदलताना धक्का नाही.
डोळ्यांत तेल घालून पाहिलेली होती मी,
मनात साडेनऊ देऊन टाकले होते.

आजोबांनी धुळीपासून सुरुवात केली.
"आमची धूळ पिवळी नसते गं.
चुलीतली राख, वर मूठभर जवाचं पीठ.
हिच्यात तर कुणी केशर कालवलंय."
लिहून घेतलं: तिसरं रीळ, छटा उबेकडे झुकलेली.
नायिकेचा झगा निळाच होता का?
"काय माहीत. मी उंटाकडे बघत होतो."

सत्तेचाळिसावं मिनिट. कड्यावरून चाळीस स्वार.
आजोबा पुढे सरकले, हात गुडघ्यांवर.
तुतारी, धूळ, नायकाचा खांदा.
"मागे घे."
घेतलं.
"परत."
चौथ्यांदा म्हणाले, "अमादोर कुठंय?"

अमादोर, धाकटा भाऊ.
नायकाच्या खांद्यावर, अगदी वर, कड्याच्या रेषेवर,
घोड्यावरून खरोखर पडला होता,
कुणी सांगितलं नसताना.
दिग्दर्शकाला आवडलं, ठेवून दिलं.
पुढच्या वर्षी तो जर्मनीला गेला, टायरच्या कारखान्यात.
तिथून चार पत्रं आली, मग एक पेटी.
त्याचा फोटो घरात नाही.

कपाटातून जुनी कॅसेट निघाली.
चित्र भिजलेल्या वर्तमानपत्रासारखं,
लाल रंग सांडून शेजारच्याच्या तोंडावर,
तळाशी पांढरा ओरखडा नाचतोय.
आणि वर, कड्यावर, एक ठिपका
घोड्यापासून सुटतो.
मोजल्या. अकरा फ्रेम.

जे लहान, जे गडद,
जे येतं आणि लगेच जातं, ते घाण:
सॉफ्टवेअरला आम्ही एवढंच शिकवलेलं असतं.
पुसण्याआधी ते विचारतं मात्र.
मार्चमधल्या एका शुक्रवारी, बस चुकेल म्हणून,
मीच हो म्हटलं होतं.
डिस्कवर घोडा तसाच धावतो,
आधीपासून रिकामा.

आजोबा रागावले नाहीत.
चित्र छान आहे म्हणाले,
आकाश तर अगदी असंच होतं.
वहीत साडेनऊ खोडले.
त्या जागी काय लिहावं कळेना, म्हणून लिहिलं:
अकरा फ्रेम, धूळ परत हवी.

तोवर त्यांनी कॅसेट पुन्हा लावली होती,
आणि रिमोट घेऊन
रंग पहिल्यासारखे भडक करत होते,
कडा करवतीसारख्या.
"राहू दे असंच," म्हणाले,
"असा तो उठून दिसतो."